घर कोणाला विचारून बांधायचं?

सिंधुदुर्गातल्या वालावलला येणारा माणूस लक्ष्मीनारायणाच्या देवळापाशी आणि लगतच्या तळ्यापाशी थांबतो. घर बांधायला निघालेल्याने मात्र हे गाव खालपासून वरपर्यंत एकदा नीट बघून घ्यावं. खाली कर्ली खाडीचं पात्र आहे आणि त्यात भरतीचं पाणी चढतं. काठाला माडाच्या बागा आहेत, त्यांच्या मागे भाताचे कुणगे, मग चढणीवर विखुरलेल्या वाड्या आणि सगळ्यात वर भरड आणि कातळ. एकाच मापाचं, एकाच नकाशावरचं कौलारू घर या चार ठिकाणी बांधायचं ठरवलं, तर परवानगीच्या प्रश्नाला चार वेगळी उत्तरं मिळतात. काठावर किनारा नियमन क्षेत्राचा नकाशा पाहावा लागतो. कुणग्यात शेतजमिनीचा बिनशेती वापर आडवा येतो. वाडीत जुन्या घरठाणाची नोंद आणि सामाईक सातबाऱ्यावरची पंधरा-वीस नावं समोर उभी राहतात. कातळावर वनसंज्ञेची नोंद आहे का, हे आधी तपासावं लागतं.

या पुस्तकाचं मुख्य म्हणणं यातच आहे. ‘परवानगी लागते का?’ असं विचारणारा माणूस बहुधा घराचं वर्णन करतो: दोन खोल्या, पडवी, वर पत्रे. कायदा पहिल्यांदा घराकडे बघतच नाही. तो घराखालची जमीन बघतो, मग त्या जमिनीचा वापर बघतो, आणि इमारतीकडे सर्वांत शेवटी येतो. हा क्रम ध्यानात आला की निम्मा गोंधळ संपतो. तो उलटा धरला तर चांगला इंजिनियर, चांगला गवंडी आणि पदरचा पैसा असूनही काम अडतं.

आपल्याकडे या विषयावर लोक कायद्यापेक्षा समजांवर जास्त विसंबतात. ‘आपल्या जाग्यात घर बांधूक परवानगी कित्याक?’ हा त्यातला पहिला. जमीन आपली असणं आणि तिच्यावर बांधण्याचा हक्क असणं या दोन गोष्टी कायद्याने वेगळ्या ठेवल्या आहेत. ‘खेड्यात परवानगी लागत नाही, ती शहरात लागते,’ हा दुसरा. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमाचं नाव शहरी वाटलं, तरी प्रादेशिक योजनेत आलेल्या खेड्यालाही तो लागू आहे. ‘घरपट्टी भरतो म्हणजे घर कायदेशीर,’ हा तिसरा, आणि सर्वांत महाग पडणारा. ग्रामपंचायतीचा नमुना आठचा उतारा कर आकारण्यासाठी असतो. बिनपरवाना घरालाही पंचायत कर लावू शकते, आणि त्या करामुळे घर नियमित होत नाही. चौथा समज साठ दिवसांचा. अर्ज देऊन साठ दिवसांत उत्तर आलं नाही तर परवानगी मिळाली असं मानण्याची तरतूद नगररचना अधिनियमाच्या कलम ४५ मध्ये आहे, हे खरं. पण प्रस्ताव नियमांत पूर्ण बसत असेल तरच तिचा आधार मिळतो. नियमबाह्य नकाशा साठ दिवसांनी नियमात येत नाही.

हे नियम एकदम आलेले नाहीत. ते थरावर थर चढत आले आणि प्रत्येक थराचं कारण वेगळं आहे. कारण कळलं की नियम लक्षात राहतो, म्हणून थोडा इतिहास.

सर्वांत जुना थर शेजाऱ्याचा. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात तिसऱ्या अधिकरणात घराच्या वास्तूचे नियम आहेत. दोन घरांमधलं अंतर, सांडपाण्याची मोरी आणि शेजाऱ्याला होणारा उपद्रव यांचा विचार त्यात आहे, आणि मोडणाऱ्याला दंड आहे. आज ज्याला सामासिक अंतर म्हणतात, त्याच्या मुळाशी हीच काळजी आहे. माझ्या कौलांची पागोळी तुझ्या भिंतीवर पडू नये, माझ्या मोरीचं पाणी तुझ्या खळ्यात येऊ नये. वाडीतल्या निम्म्या भांडणांचं मूळ अजूनही तिथेच सापडतं.

दुसरा थर महसुलाचा. १८७९ च्या मुंबई जमीन महसूल कायद्याने शेतीसाठी आकारणी केलेली जमीन दुसऱ्या कामाला लावायची तर सरकारची परवानगी घेण्याचं बंधन घातलं. हेतू साऱ्याचा होता. वापर बदलला की आकार बदलणार. घर मजबूत आहे का, त्यात उजेड येतो का, याच्याशी त्याला देणंघेणं नव्हतं. स्वातंत्र्यानंतर महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ आला आणि हीच चौकट कलम ४२, ४४ व ४५ मध्ये पुढे चालत राहिली. घराच्या परवानगीसाठी आपण तहसीलदाराकडे का जातो, याचं उत्तर या थरात आहे.

तिसरा थर आरोग्याचा आणि नियोजनाचा. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. दाटीवाटीच्या, उजेड-वारा नसलेल्या चाळींत तो पसरला. १८९८ मध्ये बॉम्बे सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. रस्ते रुंद करणं आणि वस्त्या मोकळ्या करणं हे त्याचं काम. १९१५ चा मुंबई नगररचना कायदा हा देशातला पहिला. मग १९५४ चा कायदा आला, आणि पुढे १९६६ चा प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, जो आजही चालू आहे. या शेवटच्या कायद्याने एक मोठी झेप घेतली. नियोजनाचा विचार शहराच्या हद्दीवर न थांबवता त्याने तो सबंध प्रदेशाला लावला, त्यामुळे खेड्यातली जमीनही शेती, निवास, वन अशा विभागांत वाटली गेली. सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ रोजी रत्नागिरीतून वेगळा झाला. नियोजनाच्या बाबतीत मात्र दोन्ही जिल्ह्यांचा विचार एकाच प्रदेशाच्या रूपाने होत आला आहे.

चौथा थर सुरक्षेचा. कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ चा, किल्लारीचा ३० सप्टेंबर १९९३ चा. किल्लारीत मातीत रचलेल्या जाड दगडी भिंतींनी आणि वरच्या जड धाब्यांनी माणसं मारली. राष्ट्रीय इमारत संहिता १९७० साली प्रथम निघाली. १९८३, २००५ आणि २०१६ साली तिच्या सुधारित आवृत्त्या आल्या. ती थेट कायदा नाही, पण राज्यांचे नियम तिच्या आधारावर उभे राहतात. बीम-कॉलमच्या आराखड्यावर संरचना अभियंत्याची सही का लागते, हे या थरातून समजतं.

पाचवा थर पर्यावरणाचा. १९८६ च्या पर्यावरण संरक्षण अधिनियमाखाली १९ फेब्रुवारी १९९१ रोजी किनारा नियमन क्षेत्राची पहिली अधिसूचना निघाली. नंतर २०११ आणि २०१९ साली नव्या अधिसूचना आल्या. पंचायतीचा थर या सगळ्यांच्या जोडीने चालत आला. १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ५२ ने गावठाणातल्या बांधकामावर पंचायतीला अधिकार दिला.

हे थर एकावर एक चढत गेले, पण खालचा थर कोणी काढून घेतला नाही. म्हणून आज एका घराला महसूल, नगररचना, ग्रामपंचायत आणि पाण्याकाठी असेल तर किनारा नियमनाचं प्राधिकरण, अशी अनेक दारं दिसतात. प्रत्येक दाराआडचा माणूस वेगळा प्रश्न विचारतो. महसूल विचारतो, जमिनीचा वापर काय? नगररचना विचारते, या विभागात हा वापर चालतो का, किती चटईक्षेत्र, कडेला किती जागा? पंचायत विचारते, गावाच्या रस्त्या-गटाराला अडथळा होतो का? किनाऱ्याचा नियम विचारतो, भरतीच्या रेषेपासून अंतर किती? एकाने हो म्हटलं म्हणून दुसऱ्याचा होकार गृहीत धरता येत नाही.

आता कोकणाची खरी अडचण. या कायद्यांतलं ‘गाव’ देशावरचं आहे. मध्ये गावठाण, घरं एकमेकांना लागून, बाहेर पांढरी-काळीची सीमा आणि मग शेतं. पंचायतीचा अधिकार गावठाणापुरता, महसुलाच्या सवलती गावठाणाच्या हद्दीपासून मोजलेल्या. महसूल अधिनियमाच्या कलम ४२-ड ने गावठाणाच्या हद्दीपासून दोनशे मीटरच्या आतल्या जमिनीला ठरलेली रक्कम भरून बिनशेती मानण्याची सोय केली आहे. देशावरच्या गावाला ती मोठी सवलत आहे. कोकणातलं गाव तसं वसलेलंच नाही. इथे वाड्या आहेत. प्रत्येक घर आपल्या बागेत, आपल्या विहिरीजवळ, आपल्या गडग्याच्या आत. अनेक गावांना आखलेलं गावठाणच नाही, आणि जिथे आहे तिथे ते वस्तीच्या मानाने लहान आहे. शंभर वर्षांची घरंही शेतजमिनीच्या सर्व्हे नंबरात उभी आहेत. दोनशे मीटर मोजायचे कुठून, या प्रश्नापाशीच ती सवलत संपते.

भरीला मालकीचा गुंता आहे. एका सातबाऱ्यावर चुलत-चुलत भावंडांची नावं. अर्धी मंडळी मुंबईत, काही पुण्यात, काही परदेशात. काही मयतांची वारस नोंद नाही. गणपतीला सगळे एका घरात जमतात, आरती एका सुरात होते, पण संमतिपत्रावर सह्या घ्यायची वेळ आली की तीच माणसं सहा महिने सापडत नाहीत. पंतप्रधान आवास योजनेतल्या घरकुलांनाही हीच अडचण येते. अनुदान मंजूर, पण जागा एकट्याच्या नावावर नाही. त्यात कुळकायद्याने मिळालेली जमीन, भोगवटादार वर्ग दोनची जमीन, देवस्थान इनामाची जमीन, १९७५ च्या खाजगी वने कायद्याचा शेरा असलेली जमीन, अशा प्रत्येक प्रकाराच्या वेगळ्या अटी. इतर हक्काच्या रकान्यातली एक ओळ सबंध नकाशा अडवू शकते. म्हणून या पुस्तकात घराच्या नकाशाआधी सातबारा कसा वाचावा, याला जास्त जागा दिली आहे.

परवानगी कधी लागते, याची रेषा मोटामोटी अशी सांगता येते. नगररचना अधिनियमात ‘विकास’ या शब्दाखाली नवीन बांधकाम तर येतंच, पण जुन्याची वाढ, पाडून पुन्हा उभारणी आणि वापरातला ठळक बदलही येतो. एकही चिरा न बसवता राहत्या घराचं लॉज केलं, तरी कायद्याच्या नजरेत तो विकास ठरू शकतो. उलट, घराच्या आतली डागडुजी, जिने बाहेरच्या रूपात ठळक फरक पडत नाही, तिला कलम ४३ खाली परवानगी लागत नाही. शेतीच्या नेहमीच्या कामासाठी विहीर खणणं किंवा केवळ शेतीसाठी वाट करणं यालाही लागत नाही. खिडक्यांना सुरक्षेच्या जाळ्या, आतली हलकी पार्टिशनं, ठरावीक उंचीपर्यंतचे सौर पॅनेल यांना अलीकडच्या नियमावलीने सूट दिली आहे. पावसाआधी कौलं परतणं, कुजलेले वासे आणि रिपा बदलणं, गिलावा, रंग हे नेहमीचं काम आहे. पण कौलं उतरवून स्लॅब टाकणं, पडवी बंद करून खोली काढणं, वर माडी चढवणं किंवा मांगराचं राहतं घर करणं ही डागडुजी नव्हे. आपल्याकडे बहुतेक माणसं याच ठिकाणी चुकतात, कारण काम सुरू होतं दुरुस्तीच्या नावाने आणि संपतं नव्या घराने.

२०२० च्या डिसेंबरात एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू झाली. बृहन्मुंबई आणि काही वेगळी क्षेत्रं सोडून राज्यभर एकच नियम आले. त्याआधी नगरपालिका, प्रादेशिक योजना, प्राधिकरणं यांची नियमावली वेगवेगळी होती. या नियमावलीने लहान बांधकामांसाठी धोक्याच्या प्रमाणात सोपी वाट आखली. दीडशे चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावर घर बांधणाऱ्याने मालकीची कागदपत्रं, नकाशे आणि परवानाधारक तंत्रज्ञाचा दाखला द्यावा, छाननीसाठी ताटकळू नये, असा तिचा रोख आहे. २०२१ च्या फेब्रुवारीत ग्रामविकास विभागाने तीनशे चौरस मीटर, म्हणजे सुमारे ३२०० चौरस फुटांपर्यंतच्या भूखंडावरील घरांबाबत ग्रामपंचायतीला पुढे केलं. ‘आता ३२०० फुटांपर्यंत परवानगीच नको,’ असा त्या बातमीचा अर्थ वाड्यावाड्यांत पसरला. खरा अर्थ वेगळा आहे. घर नियमात बसवण्याची जबाबदारी कार्यालयाकडून मालकाकडे आणि त्याच्या इंजिनियरकडे आली. छाननी सैल झाली तरी नियम तेच राहिले.

नियमात काय काय बसवायचं, याचं एकच उदाहरण देतो. शौचालयाचा शोषखड्डा पिण्याच्या विहिरीपासून १८ मीटर दूर हवा. ज्या भागात नळाचं पाणी आहे तिथे हे कलम कागदावरचं वाटेल. आपल्याकडे जमीन जांभ्याची, सच्छिद्र. पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या घरात. खड्ड्यातलं पाणी जांभ्यातून झिरपत थेट विहिरीकडे जातं. पुणे-मुंबईच्या इंजिनियरपेक्षा वालावलच्या माणसाला हा आकडा जास्त कळायला हवा.

काठावरच्या घराची गोष्ट स्वतंत्र आहे. समुद्रकिनाऱ्यावर भरतीरेषेपासून पाचशे मीटरपर्यंतचा पट्टा नियमनाखाली येतो, हे आता बऱ्याच जणांना माहीत असतं. कर्लीसारख्या खाडीच्या काठी माप वेगळं. २०११ च्या अधिसूचनेत शंभर मीटर किंवा खाडीची रुंदी, यांतलं जे कमी असेल ते धरायचं होतं. २०१९ च्या अधिसूचनेने शंभराचे पन्नास केले. पण नवी मोजमापं एखाद्या जिल्ह्यात लागू होतात ती तिथला किनारा व्यवस्थापन आराखडा त्या अधिसूचनेप्रमाणे मंजूर झाल्यावर. म्हणून ‘आता पन्नासच मीटर’ असं ऐकून पाया खणू नये, आपल्या सर्व्हे नंबरचा मंजूर नकाशा पाहावा. कांदळवन असेल तर आणखी कडक. एक हजार चौरस मीटरहून मोठ्या कांदळवनाभोवती पन्नास मीटरचा पट्टा राखीव. मालवण आणि आचरा-रत्नागिरी हे पट्टे २०११ च्या अधिसूचनेतच अतिसंवेदनशील किनारी क्षेत्रांच्या यादीत आहेत. मालवणचं सागरी अभयारण्य तर १९८७ पासूनचं.

तरीही ही अधिसूचना स्थानिकाच्या विरोधात आहे, असं सरसकट म्हणता येत नाही. स्थानिकांची जुनी अधिकृत घरं दुरुस्त करायला किंवा तेवढ्याच जोत्यावर पुन्हा बांधायला ती वाट ठेवते. २०१९ च्या अधिसूचनेत तीनशे चौरस मीटरपर्यंतच्या स्वतःच्या राहत्या घरासाठी किनारा क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणाच्या शिफारशीची गरज नाही. स्थानिक प्राधिकरणाने अधिसूचना तपासून परवानगी द्यायची आहे. जोतं, रचना आणि दर्शनी भाग न बदलता घरात होमस्टे चालवण्याची मुभा स्थानिकांना आहे. जो नियम न वाचता मोडतो, त्याला ही मुभाही कळत नाही. आणि मोडल्यावर काय होतं, याचं ठळक उदाहरण केरळात घडलं. कोचीजवळ मरडू इथे बॅकवॉटरच्या काठी उभे राहिलेले चार बहुमजली गृहप्रकल्प सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने ११ आणि १२ जानेवारी २०२० रोजी स्फोटकं लावून पाडले गेले. तिथे राहणाऱ्यांपाशी पंचायतीचा परवाना होता, घरपट्टीच्या पावत्या होत्या. किनारा नियमनाचा होकार नव्हता.

या विषयाकडे बघण्याच्या निदान चार दृष्टी आहेत, आणि वाचकाने त्या वेगळ्या ओळखाव्यात. पहिली नियंत्रणाची. मोकळं सोडलं की माणूस स्वतःपुरतं बघतो, म्हणून आधी परवानगी आणि मग काम. दुसरी विश्वासाची. कार्यालयं थकलेली आहेत, विलंबातून चिरीमिरी जन्मते, तर लहान घराला स्वयंप्रमाणन द्यावं आणि चुकणाऱ्याला नंतर पकडावं. २०२० ची नियमावली या बाजूला झुकते. तिसरी परिसराची. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालच्या पश्चिम घाट समितीने २०११ साली हा विचार ठामपणे मांडला: कुठे काय चालेल हे भूभागाची सोसण्याची ताकद बघून ठरवा, आणि ते ठरवण्यात ग्रामसभेला स्थान द्या. कस्तुरीरंगन समितीच्या २०१३ च्या अहवालाने त्याला बरीच मुरड घातली, आणि तो वाद संपलेला नाही. चौथी दृष्टी स्थानिक बांधणीची. केरळात लॉरी बेकर यांनी आयुष्यभर दाखवून दिलं की गावातली सामग्री आणि गावातला कारागीर यांच्या जोरावर स्वस्त, देखणं आणि हवामानाला साजेसं घर उभं राहतं. या मंडळींचा आक्षेप असा, की नियमावलीची भाषा आरसीसीची आहे. चिऱ्याची भिंत, उतरतं कौलारू छप्पर, ओटी, पडवी, माजघर यांची मापं तिच्यात बसवताना कसरत करावी लागते.

या चारही दृष्टींत तथ्य आहे. माझं मत विचाराल तर लहान राहत्या घराला दुसरी दृष्टी, मोठ्या प्रकल्पाला पहिली, आणि खाडीचा काठ, उतार, कातळ इथे तिसरी लावावी. चौथी मात्र सगळीकडे हवी. घर केवढं, यापेक्षा त्याचा भार जमिनीवर आणि शेजारावर किती पडतो, यावर परवानगी कडक की सैल हे ठरावं.

शेजारच्या गोव्याकडे पाहण्यासारखं आहे. तिथे पंचायत राज अधिनियमाच्या कलम ६६ खाली बांधकामाचा परवाना पंचायत देते, त्यामुळे सरपंचापासून शेतकऱ्यापर्यंत सगळे या विषयावर बोलतात. ‘प्रादेशिक आराखडा २०११’ मध्ये झालेले जमीन-वापरातले बदल लोकांनी गावोगाव नकाशे पसरून वाचले, आंदोलन केलं, आणि २००७ च्या जानेवारीत सरकारला तो मागे घ्यावा लागला. नकाशा वाचता येणं ही लोकांची ताकद होऊ शकते, हे तिथे दिसलं. आपल्याकडे आराखड्यावर हरकती मागवल्याची सूचना निघते, मुदत संपते, आणि गावाला पत्ता लागतो तेव्हा पिवळ्या-हिरव्या रंगांत आपली बाग भलत्याच विभागात गेलेली असते.

हे सगळं आत्ताच का सांगायचं? सिंधुदुर्ग १९९७ साली देशातला पहिला पर्यटन जिल्हा म्हणून घोषित झाला. कोकण रेल्वे १९९८ पासून धावते. महामार्ग रुंद झाला. ९ ऑक्टोबर २०२१ रोजी वालावलहून जवळच असलेल्या परुळे-चिपी इथल्या विमानतळाचं उद्घाटन झालं. विमानतळाच्या परिसरात इमारतीच्या उंचीवर मर्यादा असते, हा नियम या भागाला नवा आहे. देवबाग-तारकर्लीची गर्दी कर्लीच्या पात्रातून आत सरकते आहे. होमस्टे, रिसॉर्ट, बाहेरच्यांची सुट्टीची घरं यांना काठाच्या जागा हव्या आहेत. पाचशे वा हजार चौरस फुटांचे ‘प्लॉट’ जाहिरातीत दिसतात, त्यांतले किती खरोखर बिनशेती आहेत हे घेणारा विचारत नाही. पाचशे चौरस मीटरहून मोठ्या जागेवरच्या किंवा आठांहून अधिक गाळ्यांच्या विक्रीच्या प्रकल्पाला महारेराची नोंदणी लागते, हे विकणारा सांगत नाही.

दुसरं कारण हवामानाचं. १६ मे २०२१ ला तौक्ते वादळ या किनाऱ्याला घासून गेलं तेव्हा पत्रे उडाले, माड घरांवर पडले. नुकसान भरपाईच्या पंचनाम्यात पहिला प्रश्न घराच्या नोंदीचा असतो. तिसरं कारण पैशाचं. बँक कर्ज देताना मंजूर नकाशा आणि बिनशेती आदेश मागते. १७ डिसेंबर २०२४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने बिनपरवाना बांधकामांबद्दल कडक भूमिका घेतली आणि बँकांनाही कागद तपासायला सांगितलं. त्याआधी, १३ नोव्हेंबर २०२४ रोजी, त्याच न्यायालयाने बजावलं होतं की पंधरा दिवसांची नोटीस आणि बाजू मांडण्याची संधी दिल्याशिवाय घर पाडता येणार नाही; सार्वजनिक रस्ता, नदीपात्र अशा जागांवरच्या अतिक्रमणांना ते संरक्षण नाही. हे दोन्ही निकाल एकत्र वाचावेत. कागद असलेल्याला कायदा आधार देतो, आणि नसलेल्यालाही त्याची बाजू ऐकून घेण्याचा हक्क देतो.

या पुस्तकाची मांडणी कायद्याच्या कलमांप्रमाणे केलेली नाही. घर बांधणाऱ्याला जे प्रश्न ज्या क्रमाने पडतात, तोच क्रम धरला आहे. जमीन कोणाची, कसली आणि कुठल्या विभागातली, मग संमती, मग मोजणी, मग नकाशा, प्रारंभ प्रमाणपत्र, जोत्याची तपासणी, भोगवटा प्रमाणपत्र. बांधकाम परवानगी दर वर्षी नूतनीकरण करून एकूण चार वर्षंच टिकते, विकास शुल्क भरावं लागतं, बांधकाम कामगार उपकर एक टक्का असतो, आणि नगररचना अधिनियमाच्या कलम ५२ मध्ये बिनपरवाना कामाला एक महिना ते तीन वर्षं कैद सांगितली आहे, अशा गोष्टी त्या त्या ठिकाणी येतात. जुन्या घरांसाठी वेगळा विचार केला आहे, कारण आपल्या गावांत नव्या घरांपेक्षा पुन्हा बांधली जाणारी घरं जास्त. जुन्या घराचा पुरावा कसा जपावा, २०२० मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेतल्या ड्रोन मोजणीचा उपयोग कुठे होतो आणि गावठाण नसलेल्या वाडीला तो कुठे होत नाही, हेही त्यात आलं आहे.

पुस्तक काय करत नाही, तेही सांगायला हवं. ते वकिलाची किंवा वास्तुविशारदाची जागा घेत नाही. परवानगी लवकर ‘काढून’ देण्याच्या युक्त्या त्यात नाहीत. हे कायदे वारंवार बदलतात, बिनशेतीची कलमं तर गेल्या दहा-बारा वर्षांत पुन्हा पुन्हा बदलली आहेत, म्हणून अर्ज करण्याच्या दिवशीचा नियम संबंधित कार्यालयात खात्री करून घ्यावा. पुस्तकाचा उपयोग कोणता प्रश्न कोणाला विचारायचा हे कळण्यासाठी आहे. अर्धवट माहिती घेऊन कार्यालयात गेलेला माणूस दलालाच्या हाती पडतो. नेमका प्रश्न घेऊन गेलेल्याला कारकुनालाही उत्तर द्यावं लागतं.

वाचकांना एक विनंती. मुंबईहून सुट्टीला येणाऱ्या घरांत जमिनीचा विषय भांडण नको म्हणून टाळला जातो. या वेळी तो टाळू नका. सातबारा काढा, मयतांच्या वारस नोंदी करून घ्या, मोजणीचा अर्ज द्या, घरठाण कोणाच्या वाट्याला हे लिहून ठेवा. घर बांधायचं नसेल तरी हे करा. आणि बांधायचं असेल, तर पाया खणण्याआधी परवानगीचा कागद हातात घ्या. नंतर तो मिळवायला पैसाही जास्त लागतो आणि नातीही.